त्याला उठवू नका: गणेशपेठहून सुटलेल्या एका गाडीतल्या जागेचा प्रकरण अभ्यास

गाडीत जागेवरून झालेलं भांडण आपण घरी येऊन रंगवून सांगतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. मी समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना शिकवते, त्यामुळे असं भांडण डोळ्यांसमोर घडलं की ते मला सोडून देता येत नाही. अनोळखी माणसं एकमेकांकडे काय मागू शकतात, कोण कोणाला जाब विचारू शकतो, हे अशा ठिकाणी जितकं उघड दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसतं. हे प्रकरण मे महिन्यातल्या एका दुपारी नागपूरच्या गणेशपेठ बसस्थानकावर, उमरेडमार्गे भिवापूरला जाणाऱ्या साध्या एसटीत घडलं. मी त्या गाडीत उभी होते. ज्या तरुणाभोवती सगळं घडलं त्याच्याशी पुढे निवांत बोलणं झालं. त्याच्या परवानगीनेच लिहिते आहे, आणि तो ओळखू येईल असं काही यात ठेवलेलं नाही.

घडलं ते असं

नवतपा लागलेला. नागपूरचा पारा ४५ च्या आसपास असला की फलाटावर उभं राहणंही शिक्षा वाटते, त्यामुळे गाडी लागताच दारात रेटारेटी झाली. दोघा-तिघांनी खिडकीतून रुमाल टाकले, एकाने टोपी टाकली. पाच मिनिटांत गाडी भरली.

पुढच्या भागात, दाराजवळ, राखीव सीटा होत्या. वर पाटी: एकीवर दिव्यांग, तिच्या मागच्या सीटवर ज्येष्ठ नागरिक. दिव्यांगांच्या सीटवर खिडकीशी एक बाई बसल्या होत्या आणि शेजारच्या जागेवर त्यांची कापडी थैली होती. बहीण लेकराला घेऊन पाणी आणायला गेली होती, तिच्यासाठी ती जागा धरलेली. मागच्या सीटवर खिडकीशी दुसऱ्या एक बाई डोक्यावरून पदर ओढून डुलक्या घेत होत्या, आणि कडेच्या जागेवर विशीतला एक मुलगा. डोक्याला दुपट्टा, पायाशी दोन लिटरची पाण्याची बाटली, तिला ओलं फडकं गुंडाळलेलं. मांडीवर क्ष-किरणाच्या फिल्मचं मोठं पाकीट, वाकू नये म्हणून समोरच्या सीटला टेकवून उभं धरलेलं. उजवा पाय मात्र सरळ, वाटेत आलेला. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो पाय लागत होता. दोघे जण त्याच्याकडे रागाने बघून गेले.

कंडक्टर पुढून तिकिटं फाडत मागे गेले. गाडी सुटायला आली तसे एक आजोबा चढले. धोतर, डोक्याला शेला, हातात काठी आणि औषधाच्या दुकानातली प्लॅस्टिकची पिशवी. बघताच पंचाहत्तरीच्या पुढचे वाटत होते. ते दांड्याला धरून उभे राहिले, कोणाला काही बोलले नाहीत.

बोलले ते दुसऱ्या बाजूच्या सीटवरचे एक गृहस्थ. पंचेचाळिशी-पन्नाशीचे, मांडीवर ऑफिसची बॅग.

"ए भाऊ, उठ न. म्हातारा माणूस उभा आहे, दिसत नाही का तुले?"

मुलगा म्हणाला, "काका, मले नाही जमत."

"काय नाही जमत? उभं राहणं नाही जमत? जवान पोट्टा आहेस. पाय पसरून बसला नवाबासारखा!"

मागून कोणीतरी भर घातली, "आजकालच्या पोट्ट्यायले लाजच नाही राहिली बाप्पा." आणखी एकाने पाटी वाचून दाखवली, "ज्येष्ठ नागरिक लिहून हाये वर. वाचता येते न?" आजोबा हळूच म्हणाले, "राहू द्या जी, मी राहतो उभा." ते कोणी ऐकलं नाही. आता विषय आजोबांचा उरलाच नव्हता.

मग रोख थैलीवाल्या बाईंकडे वळला, पण थैलीमुळे नाही. त्या गृहस्थांशेजारचा एक जण म्हणाला, "अर्धं तिकीट काढायचं अन् दोन-दोन सीटा धरायच्या." बाई उसळल्या, "तुमच्या घरून देता का पैसे?" दोन मिनिटं तो वाद चालला. त्यात मुलगा मान खाली घालून बसलेला, पाकिटाच्या कडेवर बोटं घट्ट.

आवाज ऐकून कंडक्टर मागून पुढे आले. काय झालं ते ऐकलं, मुलाकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "त्याले उठवू नका."

"काहून? पाटी काय लिहून हाये?"

"मी म्हणून रायलो न, त्याले नका उठवू." आणि लगेच पुढच्या सीटकडे बघून, "ही थैली कोणाची? थैलीचं तिकीट काढलं का?"

बाईंनी कुरकुरत थैली मांडीवर घेतली. आजोबा बसले. गाडी सुटता सुटता बहीण कडेवर लेकरू घेऊन चढली आणि उभी राहिली. दिघोरी नाक्यापर्यंत उभीच होती. तिथे कॉलेजच्या दोन मुली उतरल्या तेव्हा तिला जागा मिळाली. बॅगवाले गृहस्थ उमरेडपर्यंत आपल्या सीटवरून हलले नाहीत.

मुलाला काय झालं होतं

सक्करदरा ओलांडल्यावर आजोबांनी मागे वळून विचारलं, "मेडिकलचा कागद हाये का बाबू?" नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्याला इथे 'मेडिकल' म्हणतात. मुलाने मान हलवली. थोड्या वेळाने तो स्वतःच म्हणाला, "सिकलसेल हाये मले. खुब्याचा त्रास हाये." आजोबा म्हणाले, "आमच्या इकडं बी लई हाये," आणि पुढे पाचगावला उतरेपर्यंत दोघं गोळ्यांबद्दल, पाण्याबद्दल बोलत राहिले.

विदर्भात राहणाऱ्याला हा आजार नवा नाही. तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन जन्मतःच वेगळं असतं, प्राणवायू सोडला की पेशी विळ्यासारखी वाकते, कडक होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. जिथे अडकेल तिथे वेदना. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. शरीरातलं पाणी कमी झालं, ऊन लागलं, फार थकवा आला किंवा कडक थंडी पडली की दुखणं उसळतं. या मुलाच्या बाबतीत मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून खुबा झिजत चालला होता. सिकलसेलच्या तरुण रुग्णांमध्ये हे आढळतं. खुबा नीट वाकत नाही म्हणून पाय सरळ. धक्के खात उभं राहिलं तर सगळा भार त्याच सांध्यावर येतो. पायाशी ठेवलेली दोन लिटरची बाटली आणि तिच्यावरचं ओलं फडकं हे त्याचं औषधच होतं.

म्हणजे गाडीतल्या लोकांना दिसत होतं ते सगळं खरंच होतं, फक्त त्याचा अर्थ उलटा लावला गेला. पसरलेला पाय हा माज ठरला. खाली घातलेली मान निर्लज्जपणा ठरली. आजार सांगणारं पाकीट त्याच्या मांडीवर उघड उभं होतं, पण वयाकडे बघितल्यावर पाकिटाकडे बघायची गरज कोणाला वाटली नाही.

त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, तिच्यावर मी वर्गात बराच वेळ घालवते. उमरेडची गाडी मेडिकल चौकाच्या अलीकडूनच पुढे जाते. दवाखान्यातून निघून सक्करदऱ्याला थांबलं तरी ती मिळते. पण वाटेत चढलं की उभं राहावं लागतं. म्हणून तो दर वेळी ऑटो करून उलटा गणेशपेठला जातो, गाडी लागायच्या आधी फलाटावर जाऊन थांबतो आणि पहिल्या लोंढ्यात कसाबसा चढतो. त्या एका जागेसाठी तो ऑटोचे पैसे मोजतो, उन्हात ताटकळतो. सगळ्यांच्या आधी येऊन बसलेला आणि उठायला तयार नसलेला तरुण बघितला की आपण त्याला आपमतलबी समजतो. पण सगळ्यांच्या आधी येऊन बसायची सर्वांत जास्त गरज त्यालाच असू शकते ज्याला उभं राहता येत नाही.

पाटीने काय सुटलं आणि काय नाही

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. आधीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, नव्या कायद्यात २१ झाले, आणि त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे रक्ताचे तिन्ही आजार आले. एसटीच्या सवलतधारकांच्या यादीतही सिकलसेलचे रुग्ण आहेत. तेव्हा कागदावर बघितलं तर हा मुलगा दिव्यांगांच्या पाटीखाली बसायला हक्काचा होता. तिथे थैली होती. तो भांडला नाही, मागे बसला. मागे बसल्यामुळे तो 'दुसऱ्याच्या' सीटवर बसलेला ठरला.

इथे मला थैली हा या प्रकरणातला कळीचा मुद्दा वाटतो. गाडीतल्या एवढ्या बोलक्या माणसांपैकी एकालाही तिच्याकडे बोट दाखवावंसं वाटलं नाही. अर्ध्या तिकिटाचा उल्लेख झाला, दोन सीटांचा टोमणाही झाला, पण "ती थैली उचला, आजोबांना तिथे बसू द्या" हे साधं वाक्य कंडक्टर येईपर्यंत कोणाच्या तोंडून निघालं नाही. उत्तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सीटवर ठेवलेलं होतं. माणसाला उठवणं लोकांना सोपं गेलं, थैली उचलायला सांगणं अवघड गेलं. कारण उघड आहे: रुमाल टाकून जागा धरायची सवय आपल्या सगळ्यांचीच आहे. आज तिची थैली उचलायला लावली तर उद्या आपला रुमालही फेकला जाईल.

रुमालाला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. खिडकीतून रुमाल टाकणारा पोरगा बऱ्याचदा स्वतःसाठी टाकत नाही, मागून गुडघे धरून चढणाऱ्या आईसाठी टाकतो. रेटारेटीत ज्याला घुसता येत नाही त्याच्या वतीने घरातलं कोणीतरी घुसतं, हीसुद्धा एक व्यवस्थाच आहे. या बाईंची बहीणही कडेवर लेकरू घेऊन उन्हात पाणी भरायला गेली होती; तिची गरज खोटी नव्हती. पण राखीव पाटीखाली थैली ठेवायला नको होती. हीच थैली आणखी चार सीटा मागे असती तर मुलगा आपल्या जागी बसला असता, आजोबांची जागा मोकळी राहिली असती आणि बहिणीलाही सक्करदऱ्याच्या वळणांवर लेकरू सावरत उभं राहावं लागलं नसतं. तिला तसं उभं राहावं लागलं, याची मला आजही रुखरुख वाटते. कंडक्टरचा निर्णय बरोबर होता, तरी त्याची किंमत नेमकी तिने मोजली.

अर्ध्या तिकिटाच्या टोमण्याबद्दल थोडक्यात. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत मिळाली. तेव्हापासून जागेच्या प्रत्येक वादात हा विषय निघतोच. सवलतीची भरपाई सरकार करतं. कंडक्टरच्या यंत्रातून निघालेलं शून्य रुपयांचं तिकीटही तिकीटच असतं. ज्याने कमी पैसे भरले त्याने आधी उठावं असं कोणत्याही नियमात नाही. गंमत म्हणजे त्या दिवशी ज्यांच्या नावाने भांडण पेटलं ते आजोबा फुकट प्रवास करत होते आणि ज्याला उठवत होते तोही सवलतीवरच होता. हिशेब मांडायचाच तर टोमणा मारणाऱ्याने दोघांनाही उभं करायला हवं होतं.

तिसरा माणूस

वर्गात विद्यार्थ्यांना मी विचारते, या प्रकरणात सर्वांत जास्त बोललं कोण? आजोबा नाही, मुलगा नाही. ज्यांना जागा होती आणि ज्यांची जागा धोक्यात नव्हती, ते बोलले.

बॅगवाल्या गृहस्थांचा हेतू वाईट होता असं मी मानत नाही. म्हातारा माणूस उभा आहे याची त्यांना खरंच कळकळ होती, आणि उभं कोण आहे हे त्यांच्याच नजरेला आधी पडलं. पण कळकळ असेल तर पहिली जागा स्वतःची. ती द्यायची नसेल, आणि तसं असायलाही हरकत नाही, त्यांचाही गुडघा दुखत असेल, तर मग दुसऱ्याकडे मागताना निदान तेवढीच मोकळीक त्यालाही द्यायला हवी. आपल्या न उठण्यामागे कारण आहे हे आपण गृहीत धरतो. समोरच्याच्या न उठण्यामागेही असेल, एवढं गृहीत धरायला काय हरकत आहे?

याबाबत एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांना अनोळखी प्रवाशांकडे जागा मागायला पाठवलं. तरुण, धडधाकट विद्यार्थी. कारण न सांगता सरळ विचारायचं, तुमची जागा देता का? जॉन सबीनी यांच्याबरोबर १९७८ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. कारण न सांगता मागितली तेव्हा सुमारे ६८ टक्के लोक उठले किंवा सरकले. 'उभ्याने पुस्तक वाचता येत नाही' असं फुटकळ कारण जोडलं तेव्हा प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपास घसरलं. एक अर्थ असा की कारण दिलं नाही की ऐकणारा स्वतःच मनात एखादं वजनदार कारण तयार करतो: बिचाऱ्याला बरं नसेल. आणि दुसरी गोष्ट, मागणाऱ्या विद्यार्थ्यांचे हाल झाले. तोंडातून शब्द फुटेना, पोटात ढवळून आलं, काहींना जागा मिळाल्यावर खरंच आजारी असल्याचं सोंग आणावंसं वाटलं.

नागपूर म्हणजे न्यूयॉर्क नव्हे. आपल्याकडे "सरका न जरासे" म्हणायला कोणाच्या पोटात ढवळत नाही, तिघांच्या जागेत चौघं बसणं हा आपला रोजचा रिवाज आहे. तरी या प्रयोगातली पहिली गोष्ट इथे नेमकी लागू पडते. कारण न सांगणाऱ्या मागणाऱ्यासाठी माणूस मनात कारण शोधतो. कारण न सांगता नकार देणाऱ्यासाठी तो तसं शोधत नाही. मुलाचं "काका, मले नाही जमत" हे वाक्य स्वच्छ, नम्र आणि पुरेसं होतं. त्याच्यापुढे "काय नाही जमत?" हा प्रश्न येताच ती विनंती राहिली नाही, उलटतपासणी झाली.

सिकलसेलच्या बाबतीत या उलटतपासणीचं ओझं फार असतं. आजार आनुवंशिक, त्यामुळे कळलं की लग्नाच्या गोष्टी थांबतात, घरातल्या बहिणींच्याही थांबतात. त्या गाडीत भिवापूरपर्यंतच्या गावांतले लोक होते. कोण कोणाचा सोयरा निघेल याचा नेम नाही. भर गाडीत "मला हा आजार आहे" असं सांगणं म्हणजे जागेच्या भाड्यापोटी घरची गोष्ट चौकात मांडणं. आजोबांना त्याने सांगितलं ते आपणहून, हळू आवाजात, आजोबांनी कागद ओळखला म्हणून.

कंडक्टरने कारण सांगायला हवं होतं का

या प्रश्नावर माझा वर्ग दर वेळी दुभंगतो. कंडक्टरने मुलाचं कार्ड पाहूनच सवलतीचं तिकीट दिलं होतं. त्याला सगळं ठाऊक होतं. "पेशंट आहे तो" एवढे तीन शब्द बोलला असता तर सगळे वरमले असते. काही विद्यार्थी म्हणतात, बोलायलाच हवं होतं, त्याशिवाय लोकांना शिकवण कशी मिळणार? बाकीचे म्हणतात, दुसऱ्याचा आजार सांगायचा त्याला अधिकारच नाही.

मी दुसऱ्या बाजूची आहे, ठामपणे. लोकांना शिकवण मिळावी म्हणून त्या मुलाला भर गाडीत धडा बनवायचा नव्हता. कंडक्टरने आपला गणवेश वापरला, कारण वापरलं नाही. "मी म्हणून रायलो" यात थोडी अरेरावी ऐकू येते, पण त्या अरेरावीच्या आडोशाला मुलाची गोष्ट झाकलेली राहिली. आणि पुढच्याच वाक्यात त्याने भांडणाचा रोख माणसावरून थैलीवर नेला. माझ्या दृष्टीने त्या दुपारचं सर्वांत कसबी काम ते होतं. कोणत्याही प्रशिक्षणात ते शिकवत असतील-नसतील. वर्षानुवर्षं भरल्या गाडीत उभं राहून माणसं ओळखण्यातून ते आलेलं असावं.

मेट्रोत मात्र हा माणूस नसतो. नागपूरला मेट्रो मार्च २०१९ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर २०२२ पासून खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्य नगर ते प्रजापती नगर असे दोन्ही मार्ग पुरे धावू लागले. डब्यात भिंतीला लागून लांब बाक, समोरासमोर. तिथे भांडण क्वचित होतं. जो तो मोबाइलमध्ये, म्हणून उभ्या माणसाकडे नजरच जात नाही. सीताबर्डीला गर्दीच्या वेळी चढणाऱ्या गरोदर बाईला तिथे कोणी "उठ बे" म्हणून मदत करणार नाही आणि कोणी "त्याला उठवू नका" म्हणून वाचवणारही नाही. तिला स्वतःलाच तोंड उघडावं लागेल.

काही शहरांनी यासाठी बिल्ले काढले. लंडनमध्ये २०१७ पासून 'कृपया मला बसायला जागा द्या' असं लिहिलेला बिल्ला मिळतो. टोकियोने २०१२ मध्ये लाल रंगावर पांढरा क्रॉस आणि हृदय असलेलं चिन्ह आणलं. दोन्हींवर आजाराचं नाव नसतं, ही त्यातली चांगली बाजू. आपल्याकडे हे चालेल का, असं विद्यार्थी विचारतात. मला शंका आहे. बिल्ला वाचायला नजर वर करावी लागते, आणि ज्या गाडीत तोंडाने सगळं चालतं तिथे तोंडानेच मागणं लवकर पोचतं. शिवाय बिल्ला लावून हिंडणं म्हणजे पुन्हा काहीतरी आहे हे दाखवत हिंडणंच. त्या मुलाला मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, मी नाही लावणार. गावात सगळे विचारतील."

मागायचं कसं

वर्गात आम्ही हा प्रसंग करून बघतो. बाकं आडवी लावून गाडी करतो. प्रत्येकाला एक चिठ्ठी देते, त्यावर त्याच्या पात्राची अडचण लिहिलेली असते आणि ती इतरांना माहीत नसते: पाळीचं दुखणं, रात्रपाळी करून आलेला, कालच टाके काढलेले, काहीच अडचण नाही. मग एक जण आजोबा होऊन चढतो आणि दुसऱ्या एकाला त्यांच्यासाठी जागा मिळवून द्यायची असते.

पहिल्या फेरीत बहुतेक जण समोरच्या सर्वांत तरुण, सर्वांत धट्ट्याकट्ट्या दिसणाऱ्याकडे बोट दाखवतात. चिठ्ठी उघडली की गोंधळ उडतो, कारण बोट बरेचदा टाकेवाल्याकडेच गेलेलं असतं. दुसऱ्या फेरीत मी दोन अटी घालते. पहिली, ज्यांच्यासाठी जागा मागायची त्यांना आधी विचारायचं: बसायचंय का, कुठवर जायचंय? त्या गाडीत आजोबा "राहू द्या" म्हणत होते आणि त्यांना एकानेही काही विचारलं नाही. दुसरी अट, कोणा एकाकडे बोट न दाखवता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं: "काकांना बसायचंय, पाचगावपर्यंत. कोणाला उठायला जमेल का?" आणि शेवटी, थैल्या-पिशव्या आधी, माणसं नंतर.

असं विचारलं की वर्गात एक वेगळीच गोष्ट घडते. ज्याच्या चिठ्ठीवर 'काहीच अडचण नाही' लिहिलेलं असतं तो उठतो. त्याला कोणी हेरलेलं नसतं, म्हणून त्याला उठण्यात कमीपणा वाटत नाही. टाकेवाला गप्प बसून राहतो आणि त्याला कोणी काही विचारत नाही. खऱ्या गाडीत दर वेळी असंच होईल याची हमी मी देत नाही. उकाड्यात, गर्दीत, दिवसभराच्या कामाने वैतागलेल्या माणसांत कोणीच उठणार नाही असंही होईल. तसं झालं तर "कोणी नाही का? मीच उठतो" म्हणायची तयारी मागणाऱ्याने ठेवावी, कारण त्या गाडीत विचारणारा स्वतः बसलेला होता.

एका विद्यार्थिनीने मागच्या वर्षी आक्षेप घेतला. म्हणाली, अशाने राखीव सीटवर बसणारे खरे आळशी पोट्टेही सुटतील, त्यांनाही कोणी काही विचारणार नाही. बरोबर आहे, काही सुटतील. पण त्यांना पकडण्यासाठी प्रत्येक तरुणाची झडती घ्यायची झाली तर गणेशपेठच्या फलाटावर दर महिन्याला ऑटोने उलटा येऊन उभ्या राहणाऱ्या मुलालाही दर वेळी ती द्यावी लागेल. दोन-चार आळशी बसून गेले तर मला चालेल.